वाचक विचारतात : एकाच राजाची नाणी, पंचम जॉर्ज

गेल्या अंकात आम्ही एका ओळीत सुचवले होते की, इंग्रजी अमदानीतली सगळीच नाणी जमवत बसण्यापेक्षा एखादा राजा धरावा. त्यावर इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोद्याहून बरीच पत्रे आली आणि बहुतेकांच्या हाताशी पंचम जॉर्जच निघाला. त्यातले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात राणीछाप, राजाछाप अशी सरमिसळ नाणी आहेत. फक्त पंचम जॉर्ज ठेवायचा ठरवला तर एकूण किती नाणी लागतील? संग्रह कधीतरी पूर्ण होतो का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

होतो, आणि हा राजा निवडण्याचे मुख्य कारणही तेच. जॉर्ज मे १९१० मध्ये गादीवर आला, पण त्याची हिंदुस्थानी नाणी १९११ सालापासून सुरू होतात. जानेवारी १९३६ मध्ये तो वारला आणि १९३६ हेच त्याच्या नाण्यांवरचे शेवटचे साल. त्याच्यानंतर आलेल्या आठव्या एडवर्डने वर्ष संपायच्या आत गादी सोडली. त्याच्या छापाचे नाणे हिंदुस्थानात चलनात आलेच नाही, त्यामुळे या संग्रहाची दोन्ही टोके स्पष्ट आहेत.

आधी डबा निवडा. राणी ओळखायला अडचण नाही. सातव्या एडवर्डच्या रुपयावर राजाचे डोके उघडे आहे, मुकुट नाही. पंचम जॉर्जला दाढी, डोक्यावर मुकुट आणि अंगावर झगा. सहाव्या जॉर्जला मुकुट आहे, पण दाढी-मिशी नाही. झिजलेल्या नाण्यावरसुद्धा हनुवटी पाहिली की निकाल लागतो.

पहिला टप्पा म्हणजे प्रत्येक जातीचे एकेक नाणे. चांदीत रुपया, अधेली (अर्धा रुपया), पावली (पाव रुपया) आणि चवली (दोन आणे). तांबे-निकेलच्या मिश्रधातूत आठ आणे, चार आणे, दोन आणे आणि एक आणा. कांस्यात पाव आणा म्हणजे पैसा, अर्धा पैसा आणि आण्याचा बारावा भाग म्हणजे पै. झाली अकरा. अर्धा आणा शोधत फिरू नका. या राजाच्या चलनी नाण्यांत तो नाही. विक्रेता 'अर्धा' म्हणून दाखवतो ते नाणे बहुधा अर्ध्या पैशाचे असते, त्यावर इंग्रजीत तसे लिहिलेलेही असते.

दुसरा टप्पा म्हणजे रुपयाची सालवार ओळ. १९११ ते १९२० ही दहा साले मुंबई आणि कलकत्ता अशा दोन्ही टाकसाळींची, म्हणून वीस. १९२१ आणि १९२२ ही दोन फक्त मुंबईची. एकूण बावीस. रुपया १९२२ ला थांबला, अधेली आणि पावली मात्र अधूनमधून १९३६ पर्यंत पडत राहिल्या. बावीसपैकी १९११, १९२१ आणि १९२२ ही साले सोडली तर बाकीची ओळ सराफ्यात सहज भरते. आमचा सल्ला असा की, सोपी साले उत्तम अवस्थेत घ्या. गुळगुळीत झालेला १९१८ चा रुपया 'सध्या असू दे' म्हणून विकत घेतला की तो पुढे कायमचा तिथेच राहतो. ती जागा रिकामी राहिली तर काही बिघडत नाही.

सोन्यात दोनच नाणी, दोन्ही १९१८ ची आणि मुंबईत पाडलेली. एक पंधरा रुपयांचे आणि दुसरे सॉव्हरिन म्हणजे गिनी. वजन दोन्हींचे ७.९९ ग्रॅम. या गिनीवर मुंबई टाकसाळीचे नाव कुठेच नाही. मागच्या बाजूला घोडेस्वाराच्या खालच्या जमिनीच्या पट्टीवर, सालाच्या वर, इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर असते तीच मुंबईची खूण. ते अक्षर नसेल तर गिनी खरी असू शकते, पण ती या संग्रहातली नव्हे.

मुंबईचा रुपया आणि कलकत्त्याचा रुपया कसा ओळखायचा? विक्रेते 'डॉट आहे' म्हणतात, मला दिसत नाही.
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

मूल्य लिहिलेली बाजू समोर धरा. भोवती फुलापानांची वेल आहे. अगदी तळाशी, सहा वाजण्याच्या जागी, कमळ आहे. त्या कमळाखाली, कडेच्या आत, उठावाचा बारीक ठिपका असेल तर मुंबई. काहीच नसेल तर कलकत्ता. अधेली-पावलीवरही जागा तीच. पैसा, अर्धा पैसा या कांस्य नाण्यांवर मात्र ठिपका सालाखाली शोधायचा.

न दिसण्याची कारणे बहुधा तीन. पहिले, भिंग कमी पडते. दहापट मोठे दाखवणारे घ्या. दुसरे, उजेड डोक्यावरून येतो. टेबलावरचा दिवा बाजूला, जवळजवळ नाण्याच्या पातळीत ठेवा, म्हणजे ठिपक्याची सावली पडते. तिसरे, कमळाखाली वर्षानुवर्षांचा मळ, बऱ्याचदा कुंकवाची वाळलेली पूड, घट्ट बसलेली असते. ती सुईने किंवा टाचणीने उकरू नका. शुद्ध पाण्यात रात्रभर ठेवून मऊ होऊ द्या आणि बांबूच्या दातकोरणीचे टोक भिजवून हलकेच फिरवा.

उलट चूकही होते. कडेवर आपटून झालेला खळगा किंवा उठलेला धातूचा कण ठिपक्यासारखा दिसतो. खरा ठिपका गोल, उठावाचा आणि बरोबर मध्यावर असतो.

एक उपयोग लक्षात ठेवा. १९२१ आणि १९२२ चे रुपये फक्त मुंबईचे, म्हणजे त्या सालांच्या रुपयावर ठिपका असलाच पाहिजे. ठिपक्याशिवायचा १९२१ समोर आला तर कलकत्त्याच्या १९२० मधल्या शून्यावर कुणीतरी हत्यार चालवले आहे, असे धरून चाला.

आमच्याकडचे सराफ म्हणाले की जॉर्जच्या रुपयात निम्मीच चांदी असते, म्हणून भाव निम्मा. हे खरे आहे का?
– एक वाचिका, लश्कर, ग्वाल्हेर

दोन जॉर्जची गल्लत होते आहे, आणि ताई, नुकसान तुमचे होईल. निम्मी चांदी सहाव्या जॉर्जच्या १९४० पासूनच्या रुपयात आहे. दुसऱ्या महायुद्धात चांदीचे प्रमाण उतरवून ५० टक्के केले, उरलेल्यात ४० टक्के तांबे आणि ५-५ टक्के निकेल आणि जस्त. पंचम जॉर्जच्या प्रत्येक चांदीच्या नाण्यात ९१.७ टक्के चांदी आहे, म्हणजे बारा भागांत अकरा.

हिशेब असा. कोऱ्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. अधेली ५.८३ ग्रॅम, चांदी सुमारे ५.३५. पावली २.९२ ग्रॅम, चांदी २.६७. चवली १.४६ ग्रॅम, चांदी १.३४. झिजलेल्या नाण्याचे प्रत्यक्ष वजन करून त्याला ०.९१७ ने गुणा. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने जी रक्कम येईल ती झाली मोडीची किंमत. त्याखाली कोणतेही नाणे देऊ नये, आणि चांगल्या अवस्थेतले असेल तर मोडीच्या भावातही देऊ नये.

दुकानात वाद घालण्यापेक्षा कड दाखवा. पंचम जॉर्जच्या रुपयाची कड उभ्या रेघांची, सरळ दातेरी आहे. १९४० नंतरच्या रुपयाच्या कडेत मधोमध एक खाच फिरते आणि तिच्यात नक्षी आहे. ही नक्षीची कड नकली नाण्यांना आळा घालण्यासाठी आणली होती.

१९११ च्या 'पिग रुपया'साठी विक्रेता चांगली जास्तीची रक्कम मागतो. त्यावर डुक्कर नीट दिसले पाहिजे, असेही तो म्हणतो. घ्यावा का?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

राजाच्या खांद्यावरून छातीवर येणाऱ्या साखळीत एक हत्ती आहे. १९११ च्या साच्यात त्याची सोंड आणि पाय इतके आखूड उतरले की लोकांना ते डुक्कर वाटले. धार्मिक भावना दुखावतील म्हणून नाणे मागे घेतले आणि १९१२ पासून हत्ती नीट सोंड-कानांसह कोरला. १९११ चे सुमारे ९४ लाख रुपये पडले होते, पण लोकांच्या हाती जेमतेम सात लाख गेले. उरलेले वितळवले. दुर्मीळ होण्याचे कारण हे.

आता व्यवहाराचे. १९११ सालचा प्रत्येक रुपया याच साच्याचा आहे. 'डुक्कर असलेला १९११' आणि 'डुक्कर नसलेला १९११' असे दोन प्रकार नाहीत, तेव्हा त्या नावाची वेगळी किंमत देण्याचे कारण नाही. किंमत सालाची आणि अवस्थेची. त्या वर्षीच्या अधेली-पावलीवर आणि कांस्याच्या पैशावरही हेच चित्र आहे. पैसा तुलनेने खूपच स्वस्त मिळतो. ज्यांना फक्त ते चित्र हवे आहे त्यांनी पैशावर समाधान मानावे.

चित्राचा खरा उपयोग लबाडी पकडायला होतो. १९१७ मधल्या ७ ची वरची आडवी रेघ घासली किंवा १९१४ चा ४ तासला की १९११ तयार होतो. पण साल बदलणारा हत्ती बदलू शकत नाही. सालात १९११ आणि छातीवर लांब सोंडेचा सुबक हत्ती असेल तर नाणे परत करा. म्हणूनच हत्ती पुसला जाण्याइतका झिजलेला १९११ घेऊ नये. खरा असला तरी सिद्ध करता येत नाही, आणि विकायला गेलात की हाच प्रश्न तुम्हाला विचारला जाईल.

खोटे रुपये घरच्या घरी ओळखण्याची खात्रीची रीत सांगा. आम्ही वाजवून पाहतो.
– दोन वाचक, इंदूर आणि बडोदे

वाजवून पाहणे सोडा. आवाजावरून खात्री होत नाही आणि दगडावर आपटलेल्या नाण्याची कड जाते ती कायमची.

आधी चुंबक. चांदी चिकटत नाही, कांस्य चिकटत नाही, आणि पंचम जॉर्जची तांबे-निकेलची नाणीही चिकटत नाहीत. या राजाचे कोणतेही नाणे चुंबकाला चिकटले तर ते खोटे. (शुद्ध निकेलचे, वाघाचा रुपया धरून, जे चिकटते ते सहाव्या जॉर्जचे आणि १९४६-४७ चे.)

नंतर वजन. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. इंग्रजी कायद्यानेच रुपयाला झिजेची सूट होती दोन टक्के, म्हणजे सुमारे ११.४३ ग्रॅमपर्यंतचा रुपया बिनतक्रार चालायचा. स्पष्ट अक्षरांचा, कमी झिजलेला रुपया ११.५० ते ११.६६ मध्ये बसला पाहिजे. दिसायला कोरा आणि वजन १०.८ असेल तर गडबड आहे. उलट, गुळगुळीत रुपया ११.६६ भरला तरी संशय घ्या. झीज झाली तर वजन गेलेच पाहिजे.

तिसरी आणि सर्वांत उपयोगी परीक्षा पाण्याची. काट्यावर प्लास्टिकचा पेला ठेवा, तीन चतुर्थांश पाणी भरा, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे नाण्याला बुडबुडे चिकटत नाहीत. काटा शून्यावर आणा. रुपया बारीक शिवणदोऱ्याच्या फासात अडकवून पूर्ण बुडेल इतका पाण्यात सोडा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा जे दाखवेल ते नाण्याने सारलेल्या पाण्याचे वजन. कोरडे वजन भागिले हा आकडा, म्हणजे घनता. ९१.७ टक्के चांदीची घनता सुमारे १०.३ येते. चांगल्या रुपयाला काट्यावर १.११ ते १.१३ दिसते. त्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा (तांबे-निकेल-जस्ताचा, चांदी नसलेला) रुपया १.३४ च्या आसपास दाखवतो, फरक लपत नाही. अधेलीला ०.५६ च्या जवळ आले तर ठीक. चवलीवर हा प्रयोग करू नका. तिचा आकडा ०.१४ आणि काट्याची चूक ०.०१, तेवढ्यानेच उत्तर बिघडते. शेवटी साध्या पाण्यातून काढून सुती कापडावर दाबून टिपा. घासायचे नाही.

ही परीक्षा कुठे फसते तेही सांगितले पाहिजे. दुर्मीळ सालाचा खोटा रुपया खऱ्या चांदीत पाडला असेल तर वजन आणि घनता दोन्ही बरोबर येतात. तिथे साध्या सालाचा एक खात्रीचा रुपया शेजारी ठेवून तुलना करावी लागते. कडेच्या मण्यांची रांग, अक्षरांच्या कडा, फारसी मजकुराचे नुक्ते आणि सालाचे आकडे पाहा. ओतीव नाण्याच्या अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या बोथट असतात, पृष्ठावर भिंगातून बारीक छिद्रे दिसतात आणि कडेच्या दात्यांवर कधीकधी जोडाची रेघ सापडते. साच्यावर दाबून पाडलेल्या खऱ्या नाण्यात यातले काहीच असत नाही.

दर लक्ष्मीपूजनाला आम्ही रुपये चिंचेने घासून, पंचामृताने धुऊन पूजेत ठेवतो. यामुळे किंमत कमी होते का? काही रुपयांना सासूबाईंच्या वेळचे हारात ओवायचे कडे आहे, ते काढावे का?
– एक वाचिका, दौलतगंज, ग्वाल्हेर

किंमत कमी होते, आणि ती भरून निघत नाही. चिंचेतले आम्ल काळपट थर काढते, पण त्याबरोबर पाडताना आलेली मूळ चमकही नेते. घासण्याने राजाच्या गालावर आणि मोकळ्या जागेत एकाच दिशेच्या बारीक रेघा उमटतात. दिव्याखाली नाणे हळूहळू फिरवा. मूळ चमक असेल तर उजेडाचा पट्टा नाण्याबरोबर फिरतो. घासलेले नाणे सगळीकडून सारखेच पांढरे दिसते. जाणकार गिऱ्हाईक एका नजरेत ओळखते आणि भाव मोडीपर्यंत खाली येतो. भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, लिंबू-मीठ हे सगळे त्याच पंक्तीतले.

पूजा थांबवायची गरज नाही. १९१६ ते १९२० मधले झिजलेले पाच-सात रुपये पूजेसाठी वेगळे काढा, त्यांना चिंच लावा, कुंकू लावा. संग्रहातल्यांना त्या ताटात आणू नका. दुधाचे, मधाचे चिकट अवशेष कमळाच्या पाकळ्यांत राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच डाग पडतात. पूजा आटोपली की पूजेचे रुपयेही कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून ठेवा.

कडे काढू नका. ते डाग देऊन, म्हणजे आच लावून जोडलेले असते. काढताना पुन्हा आच, मग कानस, आणि शेवटी कडेवर एक चपटी जखम राहते. संग्राहकाच्या लेखी दोन्ही अवस्थांत नाणे बिघडलेलेच. पण कड्यासकट हार हा हार म्हणून शाबूत आहे, घरातली वस्तू आहे, तशीच ठेवा. विकत घेताना मात्र रुपयाची कड बारा वाजण्याच्या जागी भिंगाखाली जरूर पाहा. तिथले तीन-चार दाते सपाट असतील किंवा चांदीचा रंग किंचित वेगळा असेल तर कधीकाळी कडे होते. असा माल बाजारात बराच आहे.

पावसाळ्यानंतर कांस्याच्या पैशांवर हिरवी पूड आली. अल्बममधल्या चांदीच्या नाण्यांवरही हिरवट चिकट थर दिसतो. दोन्ही एकच का?
– एक वाचक, रावपुरा, बडोदे

दोन वेगळी दुखणी आहेत, उपायही वेगळे.

पैशावरची फिकट हिरवी पूड बोट लावताच निघते आणि खाली खड्डा दिसतो, हा क्लोराइडचा रोग. घामातले मीठ किंवा मातीतले क्षार आणि हवेतला दमटपणा एकत्र आले की धातू आतून पोखरला जातो. असे नाणे आधी बाकीच्यांपासून वेगळे करा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये (बॅटरीचे नव्हे, औषधांच्या दुकानातले) बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, हे दोन-तीन आठवडे चालू द्या. नंतर शुद्ध ॲसिटोनमधून काढा म्हणजे खड्ड्यांत अडकलेले पाणी निघून जाते, मोकळ्या हवेत वाळवा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या बंद डब्यात महिनाभर नजरेखाली ठेवा. पूड परत आली तर पुन्हा पहिल्यापासून. कांस्यावरचा गडद, घट्ट, गुळगुळीत तपकिरी किंवा हिरवा थर मात्र रोग नाही, त्याला हात लावू नका.

चांदीवरचा चिकट थर अल्बमचा आहे. मऊ, वास येणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकला लवचीक ठेवण्यासाठी घातलेले तेलकट द्रव्य हळूहळू पाझरते. नाणी ताबडतोब बाहेर काढा. काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घेऊन नाणे पाच मिनिटे ठेवा, दुसऱ्या स्वच्छ वाटीत पुन्हा बुडवा, वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात रंग, तेल आणि सुगंध असतो. खिडक्या उघड्या ठेवा, देवघरातला दिवा आणि गॅस दोन्ही बंद. ॲसिटोन फार लवकर पेट घेतो.

पुढची साठवण दोन इंची पुठ्ठ्याच्या चौकटीत करा, तिची खिडकी मायलरची (न पाझरणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकची) असते. रुपयाचा व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास, त्याला ३२.५ ची खिडकी. अधेलीला २५, पावलीला २०, पैशाला २७.५, अर्ध्या पैशाला २२.५, पैला २०. चौकट पिनांनी बंद केली तर पिनांची टोके पक्कडीने दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा ठरलेला. रबरबँड, लोकर, डांबराच्या गोळ्या यांपासून नाणी दूर ठेवा. रबरातले गंधक चांदी काळी करते, तेही पट्ट्या-पट्ट्यांनी. बडोद्याच्या दमट हवेत सिलिका जेल जूनच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या मध्याला, असे दोनदा बदला. ग्वाल्हेरला एकदा पुरते.

तांबे-निकेलचे आठ आणे कुठेच मिळत नाहीत. दोन आणे, एक आणा मात्र ढिगाने. असे का?
– एक वाचक, इंदूर

पहिल्या महायुद्धात चांदीची ओढाताण झाली. १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढली, तिच्यावरही रुपयाच्या नाण्याचेच चित्र छापले. १९१८ मध्ये अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून हिंदुस्थानसाठी चांदी दिली. त्याच धडपडीत लहान नाण्यांतून चांदी काढून घेतली. चांदीची चवली १९१७ ला संपली आणि १९१८ पासून दोन आण्याचे गोलसर कोपऱ्यांचे चौकोनी नाणे आले, ते १९३६ पर्यंत चालले. म्हणून ते भरपूर. नागमोडी कडेचा आणा तर आधीच्या राजाच्या वेळेपासूनचा.

अष्टकोनी चार आणे फक्त १९१९ ते १९२१, आणि गोल आठ आणे १९१९ आणि १९२० अशी दोनच साले. आठ आण्यांचे नाणे हलक्या धातूचे आणि मूल्य मोठे, म्हणून खोटे पाडणाऱ्यांना फायद्याचे झाले. नकली नाणी इतकी पसरली की सरकारने ते मागे घेतले. त्या काळची नकलीही आज मिळतात, त्यांची अक्षरे जाड आणि वाकडी असतात. अकरांच्या ओळीत हेच नाणे शेवटी येते, तेव्हा पैसे त्याच्यासाठी राखून ठेवा.

होळकर, शिंदे, गायकवाड यांची त्याच काळातली नाणी याच संग्रहात धरावी का?
– तीन वाचक

वेगळ्या तबकात ठेवा. इंदूरचे १९३५ चे, विक्रम संवत १९९२ घातलेले, यशवंतराव होळकरांचे पाव आणा आणि अर्धा आणा देखणे आहेत, पण त्यांवर राजा वेगळा. पंचम जॉर्जचे नाव असलेले संस्थानी नाणे हवे असेल तर कच्छ संस्थानची पाच कोरी पाहा (कोरी हे तिथले चलन). तिच्यावर त्याचे नाव फारसी लिपीत आहे आणि बडोद्याच्या बाजारात ती अधूनमधून येते. तेवढी एक या संग्रहात शोभते.

जुना वाडा पाडताना भिंतीतल्या कोनाड्यात रुपयांचा गडू निघाला. वाटून घ्यावे असे भाऊबंद म्हणतात.
– एक वाचक, इंदूर

थांबा. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात लपवलेले, दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचे काहीही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. काय, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडले ते लिहून द्या आणि पोच घ्या. कळवले नाही तर हक्कही जातो आणि शिक्षाही होऊ शकते. तोपर्यंत नाणी धुऊ नका, गडूसकट फोटो काढून ठेवा.

इंटरनेटवर १९१८ च्या रुपयाला दहा लाख मिळतात असे दाखवतात. आधी नोंदणी फी मागतात.
– अनेक वाचक

फसवणूक आहे. १९१८ हे सर्वांत सहज मिळणाऱ्या सालांपैकी एक. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपले नाव वापरून फी मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे. बँक असा व्यवहार करत नाही आणि तशी फीही घेत नाही.

मुलगा अमेरिकेत असतो. संग्रह त्याच्याकडे पाठवायचा आहे. कुरिअर करावे की कुणाबरोबर द्यावे?
– एक वाचक, बडोदे

दोन्ही नको. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. १९११ ते १९२२ चे सगळे रुपये आता शंभरी ओलांडून गेले आहेत. पुढची नाणीही एकेक वर्षाने त्यात येत जातील. देशात बाळगायला, वारसाला द्यायला आडकाठी नाही. मुलासाठी वही करा. प्रत्येक नाण्याचे साल, टाकसाळ, ०.०१ पर्यंतचे वजन, कुठून आणि किती रुपयांना घेतले, आणि दोन्ही बाजूंचे फोटो. तो दिवाळीला येईल तेव्हा नाणी इथेच त्याच्या हवाली करा.